पाठ समुद्राकडे करा

महोदय,

पावसाळ्यात वाचकांनी पाठवलेले कोकणचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. त्यांतले निम्मे तरी समुद्रात बुडणाऱ्या सूर्याचे. त्याच वेळी फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, आणि वरकस (हलक्या जमिनीच्या) उतारांवर ढगाखालची पिवळी तिरीप पडलेली असते, पण तिकडे बघतो कोण? इंद्रधनुष्यही सूर्याच्या समोरच्या बाजूला, म्हणजे संध्याकाळी पूर्वेलाच उमटते, आणि सूर्य ४२ अंशांच्या खाली उतरल्यावरच जमिनीवरून दिसते. दुपारी बाराला त्याची वाट पाहू नये.

जमिनीचा चढउतार सावलीमुळे कळतो. संध्याकाळी थेट पूर्वेला कॅमेरा धरला तर सावल्या वस्तूंच्या मागे दडतात आणि टेकड्या चपट्या दिसतात. थोडे उत्तरेला किंवा दक्षिणेला वळावे. पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा, चकाकी कापणारा फिल्टर) हाही सूर्याशी काटकोनात सर्वांत जास्त काम करतो, ओल्या गवताची चकाकी मारतो. त्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), तेवढा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावा.

काळ्या ढगापुढे उजळलेले गवत असले की कॅमेरा ढगाला भुलतो आणि गवत पांढरट करून टाकतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, एक स्टॉप कमी करावे. धुक्यात नेमके उलटे, तिथे पाऊण ते एक स्टॉप वाढवावे, नाहीतर धुके मळकट येते. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ‘डेलाइट’वर बांधून ठेवावा. तो ऑटोवर असला तर भाताचा हिरवा दर फोटोत वेगळा. उन्हाचा तुकडा वाऱ्याबरोबर सरकतो. त्यामागे धावण्यापेक्षा चौकट आधी लावून थांबावे. गवत हलत असताना ट्रायपॉडचा उपयोग नाही, शटर १/२५० सेकंद हवे.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्स काढली की तिच्यावर वाफ धरते. बॅग बंदच ठेवून वीस-तीस मिनिटे जाऊ द्यावीत. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवावा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६०च्या वर बुरशीला आमंत्रणच, आणि बुरशीने काचेचा लेप खाल्ला की तो परत येत नाही.

सड्यावर शेवाळ धरलेल्या जांभ्यावर पाय घसरतो म्हणून लोक कडेच्या ओलसर मातीवरून चालतात, आणि सीतेची आसवे ही रानफुले नेमकी तिथेच फुललेली असतात. कातळशिल्पांच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू भरण्याचा प्रकार तर बंदच व्हावा. सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हात त्या आपोआप उठतात.

एक विनंती : फोटोखाली गावाच्या नावाबरोबर वेळ आणि कॅमेऱ्याची दिशाही छापावी.

– एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)