सुटून आलेल्या पोराला आधी कोण भेटते?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

पुण्यात कोयता टोळीची बातमी आली की पुढच्या गोष्टीही ठरलेल्या असतात. मोक्का, तडीपारी आणि ज्या वस्तीत गाड्या फोडल्या तिथूनच आरोपींची धिंड. कोयता घेणाऱ्याचे आधार कार्ड मागा, असेही दुकानदारांना सांगून झाले. बंदोबस्त हवाच. हप्त्यावर घेतलेली रिक्षा ज्याची फुटली, त्याला दुसरे काय सांगणार? पण यातली कितीतरी मुले अठराच्या आतली असतात आणि काही महिन्यांत येरवड्याच्या निरीक्षणगृहातून घरी येतात. त्यानंतर काय होते, यावर फारसे कोणी बोलत नाही.

आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवताना अशी काही पोरे माझ्या हाताखालून गेली. पोरगा सुटतो त्या दिवशी त्याला घ्यायला ‘भाई’ची माणसे हजर असतात. वकिलाचे पैसे भाईने भरलेले, घरी किराणाही त्यानेच टाकलेला. शाळा सुटलेली असते, आणि शेजारी आपल्या मुलांना बजावतात, त्याच्याशी बोलायचे नाही. त्याला सोडायचे असले तरी जुन्या टोळीचे उपकार अंगावर असतात आणि समोरची टोळी जुना राडा विसरत नाही. एकटा बाहेर पडला तर दोन्हीकडून मार खातो. धिंडीने हे सुटत नाही. तिचे व्हिडिओ पोरे स्टेटसला ठेवतात आणि वस्तीत त्याची वट वाढते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याने शेजाऱ्यासाठी जागा ठेवली आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. बाल न्याय मंडळ मुलाला परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर, सोडून पालकाच्या किंवा ‘योग्य व्यक्ती’च्या देखरेखीखाली देऊ शकते. ही योग्य व्यक्ती गॅरेजवाला असू शकते, तालमीचे वस्ताद असू शकतात, शाळेतल्या निवृत्त बाईही असू शकतात. मंडळाने पडताळणी करून मान्यता दिली की झाले. प्रौढ म्हणून खटला चाललेली सोळा वर्षांवरची मुले सोडली, तर जुन्या प्रकरणामुळे मुलगा पुढे कशालाही अपात्र ठरत नाही, हेही याच कायद्यात आहे. तरीही कामावर घेताना मालक ‘केस होती का’ एवढेच विचारतो आणि पोरगा मान खाली घालून परत फिरतो.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत सुरीहल्ल्यांनी कहर केला होता. तिथल्या पोलिसांनी २००५ मध्ये हिंसा रोखण्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. २००८ पासून टोळ्यांतल्या पोरांना न्यायालयात बोलावून समोर बसवले जाई. पुन्हा मारामारी केलीत तर सगळ्या टोळीवर कारवाई होईल, हे पोलीस स्पष्ट सांगत. जखमा शिवणारे डॉक्टर बोलत, मुलगा गमावलेली आई बोलत असे. शेवटी एक फोन नंबर मिळे: सोडायचे असेल तर इथे फोन करा, शिक्षणाचे आणि कामाचे आम्ही बघतो. धाक होताच, पण बाहेर पडायला दारही होते.

आपल्याकडे ते दार गणेश मंडळे उघडू शकतात. वस्तीतली पोरे पोलिसांचे ऐकणार नाहीत, पण मंडळाच्या अध्यक्षांचे ऐकतात. ढोलपथकात, मांडव घालताना, मिरवणुकीत हीच पोरे राबतात. त्याच मंडळाच्या फ्लेक्सवर गुन्हे असलेल्या भाईचा फोटो ‘आधारस्तंभ’ म्हणून झळकत असेल, तर पोराने काय समजायचे? भाईची वर्गणी नाकारणे जड जाते, हे मी जाणतो. तरी ती नाकारलीच पाहिजे.

गणेशोत्सवाआधी प्रत्येक पोलीस ठाण्यात मंडळांची बैठक होते. यंदा त्या बैठकीला परिवीक्षा अधिकाऱ्यांनाही बोलवावे. प्रत्येक मंडळाने आपल्या भागातल्या दोन अशा कारखानदारांची किंवा गॅरेजवाल्यांची नावे द्यावीत, जे सुटून आलेल्या मुलाला वयाला चालेल असे काम शिकवतील आणि विद्यावेतन देतील. योग्य व्यक्ती म्हणून नाव नोंदवायचे अर्जही तिथेच ठेवावेत. पहिला अर्ज मी भरीन.

— एक निवृत्त आयटीआय निदेशक, पुणे