खाडीच्या चिखलातला जांभळा थर

महोदय,
ऐरोली, वाशीच्या शाळांत विज्ञान प्रदर्शनासाठी खाडीच्या चिखलाची बाटली मांडली जाते, पण तीत प्रकाशावर जगणाऱ्या जांभळ्या जिवाणूंचा थर धरत नाही. दोष बहुधा दिव्याचा असतो.

वरचे शेवाळ हरितद्रव्याने निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेते. खाली उरतो तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. जांभळ्या जिवाणूंचे जिवाणू-हरितद्रव्य ८०० ते ८८० नॅनोमीटरचा हाच प्रकाश पकडते. पेशीपटलात रंगद्रव्याची कडी असतात. काही जातींत एका कड्यात ९ आणि १८ रेणूंची दोन वर्तुळे. ऊर्जा रेणूवरून रेणूवर सरकत अभिक्रिया-केंद्राशी, म्हणजे प्रकाशाची ऊर्जा रासायनिक ऊर्जेत बदलते त्या जागी, पोहोचते. जांभळा-तांबूस रंग मात्र कॅरोटिनॉइडांचा, म्हणजे गाजरात असतात तशा रंगद्रव्यांचा. तीही निळा-हिरवा प्रकाश पकडून ऊर्जा पुढे देतात. पांढऱ्या एलईडीत अवरक्त जवळपास नसतेच! म्हणून खिडकीतला उजेड द्यावा, नाहीतर ४० वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब दोन फुटांवर ठेवावा. भर दुपारच्या उन्हात बाटली तापते, ते टाळावे.

लिटरभर पारदर्शक बाटलीत दोन तृतीयांश काळा चिखल, त्यात मूठभर वर्तमानपत्राचे कपटे, चमचाभर जिप्सम आणि उकडलेल्या अंड्याचा अर्धा बलक कालवावा. काडीने बुडबुडे काढावेत, कारण हे जिवाणू गंधकयुक्त वायूवर जगतात आणि प्राणवायूत ते नीट वाढत नाहीत. वर खाडीचेच पाणी, चार बोटे जागा मोकळी, झाकण सैल. घट्ट लावले तर वायू साचून बाटली फुटू शकते. बाटली उघडायची ती मोकळ्या हवेतच. रंग दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, तेव्हा डिसेंबरच्या प्रदर्शनाची बाटली ऑक्टोबरातच भरावी.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षक, ऐरोली