उसगावचा काळा दगड आणि निकेल

महोदय,

केंद्राने २०२३ मध्ये महत्त्वाच्या ३० खनिजांची यादी काढली, तीत निकेल आले, आणि तेव्हापासून गोव्यातल्या आमच्या उसगाव-बोंडला भागातल्या काळ्या दगडावर गजाली रंगू लागल्या. दगड अस्सल आहे. शिलारस जमिनीच्या पोटातच निवताना ऑलिव्हिन हे जड, मॅग्नेशियम-लोहयुक्त खनिज तळाला बसले आणि पेरिडोटाइटसारखे अल्ट्रामॅफिक, म्हणजे मॅग्नेशियम-लोह भरपूर आणि सिलिका कमी असलेले, खडक झाले. बोंडल्याला त्यात क्रोमाइट हे क्रोमियमचे खनिजही आहे. ऑलिव्हिनमध्ये मॅग्नेशियमच्या जागी निकेल शिरतेच, त्यामुळे अशा खडकाचा नमुना तपासला की ०.२-०.३ टक्के निकेल सहज निघते. पण ते सिलिकेटात, म्हणजे ऑलिव्हिनसारख्या सिलिकायुक्त खनिजांतच, अडकलेले. तेवढ्यावर खाण चालत नाही.

खाण होते ती मुख्यतः दोन प्रकारांनी. शिलारसात गंधक पुरेसे झाले, बहुधा वाटेतल्या खडकांतून मिसळून, तर सल्फाइडचे, म्हणजे धातू-गंधकाच्या संयुगाचे, थेंब सुटतात, निकेल ओढून घेतात आणि खोलगट जागी साचतात. चीनमधले जिनचुआन, रशियातले नोरिल्स्क असेच. दुसरा प्रकार म्हणजे उष्ण, पावसाळी हवेत हा खडक कुजून त्याचा जांभा होतो आणि निकेल खाली झिरपून एक-दोन टक्क्यांपर्यंत जमते: पॅसिफिकमधले न्यू कॅलेडोनिया, इंडोनेशियातले सुलावेसी. टक्का कमी असला तरी आपल्याकडे ओडिशातले सुकिंदाही याच प्रकारातले. (घराच्या चिऱ्यांत कोणी निकेल शोधू नये. खालचा मूळ खडकच वेगळा असेल तर जांभ्यात ते येणार कुठून?)

हा फरक गावाच्या दृष्टीने मोठा आहे. सल्फाइडचा साठा थोड्या जागेत, बहुधा खोल असतो. जांभ्यातला मात्र उथळ आणि पसरट, म्हणजे डोंगराचा माथाच काजूच्या बागायतींसकट खरवडायचा. इथे शेजारीच अभयारण्य आहे. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा मागे काय उरले, ते फोंडा-सत्तरीला सांगायला नको. कुंकळ्ळीत निकेलचा कारखाना आहे म्हणून इथला साठा सिद्ध झाला, असाही युक्तिवाद कानावर येतो. त्या कारखान्याचा कच्चा माल इथल्या डोंगरातला नाही.

२०२३ च्या कायदादुरुस्तीने निकेलच्या लिलावाचा अधिकार केंद्राकडे गेला आहे. तेव्हा एखादा ब्लॉक जाहीर होण्याआधीच राज्य सरकारने भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून इथली माहिती मागवून ग्रामसभेपुढे मराठी-कोकणीत ठेवावी: निकेल सल्फाइडात की जांभ्यात, टक्केवारी किती, थर किती मीटर, बोअर कुठे घेतले. नुसते ‘निकेलचे अंश आढळले’ एवढे सांगून आमची बोळवण करू नये.

– एक वाचक, उसगाव