भिंतीला पोट आलेलं ओळख

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

"पाय जरासा मुरगळलाय," असं तू काल आईला सांगितलंस. तिला ते पटलं. मी फोटो मोठा करून पाहिला. घोटा चांगलाच सुजलाय, आणि मागे आयर्लंडमधल्या त्या पडक्या बुरुजाचा अरुंद गोल जिना दिसतोय. पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या ठेवायचे, चढून येणारा शत्रू ठेचकाळावा म्हणून, असं म्हणतात, हे तूच मला सांगितलं होतंस. आणि नेमकी तिथेच पडलीस.

रागवायचं नाही असं ठरवून लिहायला बसलोय.

एकतीस वर्षं मी भिंतींजवळ काढली. छप्पर गेलं की भिंतीच्या माथ्यावरून पाणी मुरतं, आतली भर चुन्यासकट भुसभुशीत होते आणि भिंत मधेच बाहेर फुगते, तिला पोट येतं. समोरून ते दिसत नाही. कोपऱ्यावर जा, एक डोळा मिटून कडेनं बघ. आयर्लंडभर त्या पडक्या वास्तूंवर आयव्ही माजलेली असते. वेलीनं भिंत धरून ठेवलीय असं वाटतं, पण तिची मुळं दगडांमधल्या सांध्यांतूनच आत शिरलेली असतात. तिला धरून वर चढू नकोस. आणि एकटी तर जाऊच नकोस. डिसेंबरात तिथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, शेतात फोनला रेंज नसते, जमीन दुसऱ्याच्या मालकीची. परक्या मुलीला शोधायला कोण येणार?

झालं, सुरू झालं माझं भाषण. माफ कर.

आकिल बेटावरचे फोटो मात्र मी रोज उघडतो. स्लीव्हमोर डोंगराच्या उतारावर ओळीनं उभी असलेली ती बिनछपरांची दगडी घरं. तू घरांपेक्षा समोरच्या जमिनीवर जास्त थांबलीस, हे मला फार आवडलं. बटाट्याच्या जुन्या वाफ्यांचे वळ तिरप्या उन्हात अजून उठून दिसतात. बटाट्याचं पीक बुडून 1845 नंतर पडलेल्या दुष्काळात त्या देशात दहा लाखांच्या आसपास माणसं दगावली. तू फोटोत माणूस घेतला नाहीस, तरी माणसं दिसतात. दादाला म्हटलं, आपल्या मनूला हे कुणी शिकवलं?

तू सात वर्षांची असताना आक्काच्या पडक्या वाड्यात हरवली होतीस. पाऊस लागलेला. मी हाका मारतोय आणि तू कोनाड्यात पाय दुमडून बसलेली, ओ देत नव्हतीस. फटीतून उजेड येत होता, तो बघत होतीस. तिसऱ्या दिवशी ती भिंत बसली. कोनाडाच राहिला नाही. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं, कारण तू उजेड बघायचं सोडशील अशी भीती वाटली.

म्हणून पुन्हा सांगतो, कुणाला तरी बरोबर ने. तुला फाटक उघडून देणारे ते शेतकरी आजोबा आहेत ना, निदान त्यांना तरी सांगून जा, किती वाजता परतणार ते.

दादाचा मित्र पुढच्या आठवड्यात निघतोय. त्याच्याबरोबर भिंतीचा कल बघायचा माझा ओळंबा पाठवतोय. दोरी नवी घातलीय, पितळ तेच आहे.

तुझा,
बाबा

ता. क. घोट्याचा एक्स-रे काढलास का? आईला न सांगता मला कळव.