मुलाच्या बेडशेजारी लोंबणारी ती चेन

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत खिडक्यांच्या ब्लाइंड्सवर आलेला लेख वाचला, कुठल्या भिंतीला कुठला रंग शोभतो वगैरे सगळं छान होतं, फोटोही सुरेख, पण त्यातल्या एका फोटोत लहान मुलाच्या बेडला अगदी लागून रोलर ब्लाइंडची, तो वर-खाली करायची मण्यांची चेन मोकळी लोंबत होती, आणि ते बघून माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून लिहितेय. पत्र लांबलं तर कापा, पण चेनबद्दलचं तेवढं राहू द्या प्लीज.

गेल्या वर्षी आम्ही घरभर ब्लाइंड्स लावले. आमची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची, खिडकीखाली सोफा, आणि ती सोफ्यावर चढून बाहेर बघत बसायची. एक दिवस मी दोन पावलांवर कपड्यांच्या घड्या घालत होते आणि वळून बघते तर हिने ती चेन माळेसारखी गळ्यात घातलेली आणि उडी मारायच्या तयारीत उभी. मी धरलं तिला. झालं काहीच नाही, ती तर हसत होती, पण माझे हातपाय कितीतरी वेळ कापत होते. नंतर ब्लाइंडसोबत आलेली पिशवी शोधली तर त्यात एक छोटी प्लॅस्टिकची क्लिप, दोन स्क्रू आणि गळफासाच्या धोक्याची सूचना असलेला कागद, तिन्ही जसेच्या तसे. बसवायला आलेल्या माणसाला फोन केला तर म्हणे ते सोबत असंच येतं, कुणी लावत नाही.

ती क्लिप म्हणजे चेन खालून ताणून भिंतीला पक्की धरणारा टेन्शनर. तो लावला की चेन फिरते पण तिचा मोकळा फास राहत नाही. बसवायला दहा मिनिटं पण लागत नाहीत. फक्त चिकटपट्टीवर बसवू नका, स्क्रूनेच बसवा, कारण मूल ओढतं तेव्हा चिकटवलेलं निघून हातात येतं.

ज्यांना वाटतंय की आमचं मूल ओरडेल ना, आम्ही शेजारच्या खोलीतच असतो, त्यांच्यासाठी सांगते, गळा आवळला की आवाजच फुटत नाही, आणि सगळं काही मिनिटांतच होतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या आकडेवारीनुसार तिथे ५ वर्षं आणि त्याखालची सरासरी ९ मुलं दरवर्षी पडद्या-ब्लाइंड्सच्या दोऱ्यांत अडकून दगावतात. म्हणून तिथल्या मानकानुसार दुकानात तयार मिळणारे ब्लाइंड्स डिसेंबर २०१८ पासून बिनदोरीचे, नाहीतर दोरी मुलांच्या हाती लागणार नाही असे, आणि मापाने बनवून घेतलेल्यांसाठी जून २०२४ पासून नियम बरेच कडक झाले. युरोपच्या मानकात दोरी गुंडाळायचा हुक जमिनीपासून किमान १५० सेंटीमीटर वर हवा असं आहे. म्हणजे हे माझ्या एकटीच्या घाबरटपणाचं नाही. आणि फक्त रोलरची चेनच नाही, घड्या पडत वर जाणाऱ्या रोमन ब्लाइंडच्या मागून जाणाऱ्या दोऱ्या बघा, व्हेनेशियनच्या पट्ट्यांमधल्या दोऱ्या बघा, त्या बाहेर ओढल्या की तिथेही फास तयार होतो. आणि बेड, सोफा, खुर्ची, मूल चढेल असं काहीही खिडकीपासून लांब सरकवा, हे तर आज रात्रीच करता येईल.

आम्ही मग मुलीच्या खोलीत बिनदोरीचा, स्प्रिंगवाला लावला. खालची पट्टी हाताने वर-खाली करायची. लहान मुलांच्या खोलीत माझ्या मते दुसरा पर्याय बघूच नये. पण खरं सांगायचं तर तो सगळीकडे सोयीचा नाही, ओट्यामागच्या किंवा उंचावरच्या खिडकीत पट्टीपर्यंत हातच पोचत नाही, आणि खूप रुंद ब्लाइंड जड होतो. तिथे दांडीने फिरणारा किंवा बॅटरीच्या मोटरचा घ्यावा.

या वेळी माप मी स्वतः घेतलं कारण पहिल्या वेळी एकदाच मधोमध माप घेतलेलं आणि ब्लाइंड वरच्या बाजूला चौकटीला घासत होता. चौकट दिसते सरळ पण असतेच असं नाही. आमच्या खिडकीत वर आणि खाली चक्क ८ मिलिमीटरचा फरक निघाला. चौकटीच्या आत बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजायची आणि सगळ्यात कमी येईल ती धरायची, उंचीही तीन ठिकाणी पण तिथे जास्तीची धरायची, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं पण मोजून बघायचं म्हणजे चौकट काटकोनात आहे का ते कळतं. मोजायला स्टीलची टेप, शिवणाची नको, ती ताणली जाते. आणि ऑर्डर देताना हे माप खिडकीचं आहे की तयार ब्लाइंडचं हे स्पष्ट सांगा, नाहीतर आपण जागा सोडून दिलेल्या मापातून ते पुन्हा वजा करतात. चौकटीची खोली पण मोजा, हँडल किंवा जाळी मध्ये येत असेल तर आतला ब्लाइंड अडकणारच, मग कापड रोलच्या पुढच्या बाजूने खाली सोडणारा मागायचा किंवा सरळ बाहेर भिंतीवर लावायचा.

उजेड अडवणारं ब्लॅकआउट कापड घेऊनही कडेने उजेड येतो अशी तक्रार खूप ऐकते. येणारच, कारण रोलरमध्ये दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटमुळे कापड थोडं अरुंदच असतं. पूर्ण अंधार हवा असेल तर ब्लाइंड चौकटीच्या बाहेर भिंतीवर लावा आणि दोन्ही बाजूंना ८-१० सेंटीमीटर जास्तीचा घ्या.

कापडाबद्दल एकच सांगते. जाळीदार सनस्क्रीन कापड दिवसा बाहेरचं दाखवतं आणि आतलं झाकतं, पण रात्री दिवा लावला की नेमकं उलटं होतं, बाहेरच्याला आतलं सगळं दिसतं. बेडरूममध्ये नुसतं ते लावू नका. आणि पश्चिमेच्या उन्हासाठी म्हणाल तर आतला ब्लाइंड ऊन अडवतो तोपर्यंत ते काचेतून आत आलेलं असतं, काचेकडची बाजू पांढरी असेल तर त्यातलं थोडं परत बाहेर फेकलं जातं. खरा फरक पडतो तो काचेच्या बाहेर सावली केली तर.

बसवताना खिडकीवर बहुतेक काँक्रीटची तुळई असते, तिथे साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल लागतं, आणि स्क्रूसाठी भोकात घालायची गिट्टी नुसत्या प्लॅस्टरमध्ये बसली तर काही दिवसांत ब्रॅकेटसकट खाली येते. दोन्ही ब्रॅकेट लेव्हलमध्ये हवेत, जरा वरखाली झालं की कापड एका बाजूला सरकत गुंडाळलं जातं आणि त्याची कड झिजते. आणि कामगार जायच्या आधी पिशवी रिकामी झालीय का ते बघा. क्लिप आत दिसली तर त्याला थांबवा.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी असे फोटो छापताना चेन कुठे लोंबतेय ते बघा, आणि जमलं तर टेन्शनर कसा दिसतो आणि कुठे बसवायचा याचा एक फोटो त्याच पानावर छापा. आमच्याकडे तो पिशवीत पडून होता तेव्हा ती वस्तू काय आहे हेच मला माहीत नव्हतं.

आपली,
एक नियमित वाचक