नोकरी कोणाची, पत्र कोणाचे?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पदवीचे निकाल लागले की मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींवर मुलांच्या उड्या पडतात. त्या वेळी घरात चौकशी होते ती कंपनीच्या नावाची. ज्या पदावर काम करायचे आहे, त्या पदाची चौकशी जवळपास कोणीच करत नाही. आमच्याही घरात कोणी केली नाही, आणि उभी हयात हिशेबनिसाच्या कामात घालवूनही मी ती केली नाही, हे आधीच कबूल करतो.

माझा भाचा वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. गेल्या वर्षी एका मोठ्या खासगी बँकेत ‘रिलेशनशिप ऑफिसर’ या पदासाठी त्याने अर्ज केला. मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका काचेच्या इमारतीत झाली आणि ‘पोरगा बँकेत लागला’ म्हणून बहिणीने मुलुंडच्या आमच्या इमारतीत मजल्या-मजल्यावर पेढे वाटले. प्रत्यक्षात काम निघाले ते वसई-विरार पट्ट्यात दारोदार फिरून कर्ज आणि विमा विकण्याचे. मुलुंडहून दादर, दादरला पूल ओलांडून विरारची गाडी, आणि विरारला पार्किंगमध्ये ठेवलेल्या दुचाकीवर पुढचा दिवस. पुढे एकदा त्याच्या मोबाइलवर ती मूळ जाहिरात मी सावकाश वाचली, तेव्हा तळाशी एक ओळ दिसली: ‘स्वतःची दुचाकी व वाहन परवाना आवश्यक.’ टेबलाशी बसून करायच्या कामाला दुचाकी कशाला लागते, हा प्रश्न अर्ज भरताना आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता.

दुसरी गोष्ट नियुक्तीपत्राची. ते बँकेच्या नावाचे नव्हतेच. मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका वेगळ्याच कंपनीचे होते. कंपनी कायद्यानुसार प्रत्येक कंपनीला आपल्या पत्रांवर २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक छापावा लागतो. बहुतेकांची नजर तिथे जात नाही, पण तो क्रमांक बोलका असतो. पहिले अक्षर ‘एल’ असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, ‘यू’ असेल तर नाही. पुढचे पाच आकडे उद्योगाचे, मग दोन अक्षरे राज्याची आणि त्यानंतरचे चार आकडे स्थापनेच्या वर्षाचे. बँकेचा क्रमांक ‘एल’ने सुरू होत होता, भाच्याच्या पत्रावरचा ‘यू’ने. तो क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीची प्राथमिक माहिती विनामूल्य मिळते. काम एका कंपनीचे आणि नियुक्तीपत्र दुसरीचे, या प्रकाराला कार्यालयांत ‘ऑफ-रोल’ म्हणतात. असे काम वाईटच असते असे माझे म्हणणे नाही. काही मुले त्यातून पुढे कायमही होतात. मात्र ते तसे आहे, हे अर्ज करतानाच माहीत असायला हवे.

पगाराचे थोडक्यात सांगतो. वर्षाला ३ लाखांचा ‘सीटीसी’, म्हणजे कंपनीला त्या माणसावर येणारा एकूण खर्च, तेव्हा महिन्याला २५ हजार, असा हिशेब त्याने मनाशी धरला होता. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे दोन्ही वाटे (त्याचा आणि कंपनीचा), ग्रॅच्युइटीची तरतूद, आरोग्य विम्याची वर्गणी, व्यवसाय कर आणि टार्गेट गाठले तरच मिळणारा भाग वजा झाल्यावर हाती साधारण १७ हजार आले. त्यातूनच दुचाकीचे पेट्रोल.

मोठ्या कंपनीबद्दल बाहेरच्या माणसाला काही कळत नाही, ही समजूतही खरी नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमानुसार, बाजारात नोंदलेल्या आणि बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून वार्षिक अहवालासोबत व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम कर्मचारी किती आणि बिगर-कायम किती हे असते, शिवाय कायम कर्मचाऱ्यांपैकी दरवर्षी किती टक्के नोकरी सोडून गेले, याचे तीन वर्षांचे आकडे असतात. लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या आणि किती प्रलंबित आहेत, हेही असते. मुलींनी तो तक्ता जरूर पाहावा. हे अहवाल कंपनीच्या आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कोणालाही वाचता येतात. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४च्या अहवालात निवडक खासगी बँकांमध्ये नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे २५ टक्के असल्याचे नोंदवले होते. चौघांतला एक वर्षभरात का निघून जातो, हे मुलाखतीत नम्रपणे विचारायला हरकत नसावी. अर्थात हे आकडे अख्ख्या कंपनीचे असतात, एका पदाचे नव्हेत, आणि ऑफ-रोल मुलाचे जाणे-येणे कायम कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात दिसत नाही. त्यासाठी त्याच पदावर काम केलेला, शक्यतो ते सोडून गेलेला, एखादा मुलगा गाठून त्याचा दिवस कसा जायचा हे विचारण्याला पर्याय नाही. एकाच पदाची जाहिरात वर्षभर पुन्हा पुन्हा येत असेल, तर तीही एक खूणच समजावी.

हे सारे आमच्या पिढीला सुचत नाही, याचे कारण मला वाटते आमच्या डोळ्यांपुढे सरकारी जाहिरात असते. तिच्यात पदसंख्या, वेतनश्रेणी, वयोमर्यादा, सगळे छापलेले; ‘बँकेत लागला’ म्हणजे निवृत्तीपर्यंतची निश्चिंती. खासगी जाहिरातीत पदाचे नाव भारदस्त आणि बाकीचा मजकूर मोघम असतो. ‘ऑफिसर’ हा शब्द आम्ही जुन्या अर्थाने वाचला.

आपल्या वृत्तपत्रात नोकरीविषयक पान असते. त्यात खासगी कंपनीची जागा छापताना नियुक्तीपत्र कोणत्या कंपनीचे मिळणार, कामाचे ठिकाण कोणते आणि पगारातला निश्चित भाग किती, एवढ्या तीन गोष्टी देण्याचा आग्रह आपण जाहिरातदारांकडे धरावा, अशी विनंती आहे. भाचा सध्या दुसरीकडे अर्ज करतो आहे. परवा एका कंपनीच्या फोनवर त्याने पहिलाच प्रश्न पत्राचा विचारला. समोरून ‘विचारून कळवतो’ असे उत्तर आले आणि अद्याप फोन आलेला नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त हिशेबनीस, मुलुंड (पूर्व), मुंबई