टाळूचं ऑपरेशन आणि रात्रीचं वेबिल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत बाळाच्या झोपेवर अधूनमधून लिहून येतं. मालिश, अंघोळ, धुरी, ठरलेली वेळ. ते सगळं धडधाकट बाळाचं. ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बाळाच्या रात्रींबद्दल मला कुठे काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र. मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. मुक्कामी गाड्या केल्यात, जागरणाचं मला काही नवल नाही. तरी गेल्या महिन्यातल्या त्या रात्रींनी माझा पुरता घाम काढला.

नातू ११ महिन्यांचा. जन्मतःच टाळू दुभंगलेली. ओठ शाबूत होता, म्हणून आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या दिवशी दूध नाकातून यायला लागलं, तेव्हा सिस्टरने टॉर्च लावून तोंडात पाहिलं. आपल्या भाषेत डोक्यावरचीही टाळू आणि तोंडातलीही टाळूच. त्यामुळे 'टाळूचं ऑपरेशन' म्हटल्यावर गल्लीतल्या निम्म्या बाया पोराच्या डोक्यावर टाके शोधत होत्या. सूनबाईने ग्रहणात विळी हातात घेतली असेल, असं सुचवणारेही घरी येऊन गेले. त्यांना मी चहा विचारला नाही.

ऑपरेशन पुण्यात झालं, चांगलं झालं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात हे दुखणं बसतं, आम्हाला ऑपरेशनचा खर्च आला नाही. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती डिस्चार्जच्या कागदाची. दोन पानं, सगळी इंग्रजीत. टाक्यांचं होतं, औषधांचं होतं, खाण्याचं होतं, पुढच्या तारखेचं होतं. रात्रीबद्दल एक ओळ नव्हती. आणि घरी आल्यावर आमचं अडलं ते नेमकं रात्रीच.

हे पोर उजव्या हाताची दोन बोटं चोखत झोपायचं. आता टाके उचकटू नयेत म्हणून दोन्ही कोपरांना पट्ट्या बांधलेल्या, आत लाकडी काड्या, हात काही वाकेना. (सगळेच डॉक्टर या पट्ट्या बांधत नाहीत असं नंतर कळलं, आमच्यांनी दोन आठवडे सांगितल्या होत्या.) ट्रॅफिक पोलिसासारखे दोन्ही हात ताठ करून ते रडायचं. झोळीत घालायची सोय नव्हती, कारण झोळीत मान छातीकडे दुमडते आणि सुजलेल्या घशाची वाट आणखी आवळते. चमचाही तोंडात घालायचा नव्हता, पातळ पेज वाटीने ओठाशी लावायची आणि वर घोटभर पाणी. म्हणजे झोपेचं जे जे साधन त्याला ठाऊक होतं, ते सगळं एकाच दिवशी काढून घेतलेलं. वर दुखणं. मग ते झोपणार कशाच्या जोरावर?

पहिल्या रात्री आम्हीच चुकलो. पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने, पहिले तीन दिवस घड्याळ लावून, झोपेत असला तरी उठवून द्या, असं डॉक्टरांनी तोंडी सांगितलं होतं. रात्री दोनचा डोस होता. पोर नुकतं कुठे शांत झालेलं, मुलगा म्हणाला, "राहू द्या अण्णा, झोपलाय." सव्वातीनला ते असं किंचाळत उठलं की खालच्या मजल्यावरचे दिवे लागले. दुखणं एकदा पेटलं की औषध दिलं तरी गुण यायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि तो पाऊण तास संपता संपत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोनशेपानी वही घेतली आणि जन्मभर जे केलं तेच केलं, वेबिल, म्हणजे कंडक्टरचा फेरीच्या नोंदींचा कागद, भरायला बसलो. किती वाजता उठला, किती वाजता औषध, किती पेज गेली, किती वाजता झोपला. तिसऱ्या रात्रीच चित्र दिसायला लागलं. डोस संपत आला की एक रडणं, ते दुखण्याचं. पहाटे चारच्या सुमारास एक, ते भुकेचं, कारण दिवसा पेज निम्मीच जात होती. आणि एक तिसरंच. डोळे सताड उघडे, अंग ताठ, आईला ओळख दाखवायची नाही, उचललं की आणखी जोर. सून त्याने फार घाबरली. भूल, दवाखाना, अनोळखी हात यांनंतर लहान मुलं काही दिवस अशी दचकून उठतात, कधी दोन आठवडेसुद्धा, आणि ते आपोआप ओसरतं, हे आम्हाला नवव्या दिवशी तपासणीला गेल्यावर कळलं. पहिल्या दिवशी एका ओळीत लिहून दिलं असतं, तर सूनबाईच्या आठ रात्री रडण्यात गेल्या नसत्या.

घोरण्याचंही तसंच. टाळू शिवली की श्वासाची वाट पूर्वीपेक्षा अरुंद होते, त्यात सूज, म्हणून पोर घोरतं. दवाखान्यात पायाच्या अंगठ्याला रक्तातला ऑक्सिजन मोजणारं लाल दिव्याचं यंत्र लावलेलं होतं. घरी लाल दिवा नव्हता, मी होतो. छाती वरखाली होते का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, ओठ निळे पडतात का, हे पाहत बसायचं. तसं दिसलं तर थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा, एवढं एका सिस्टरने निघताना जिन्यात सांगितलं. जिन्यात! आम्ही लिफ्टने उतरलो असतो तर?

आता माझी स्वतःची चूक लिहितो. चौथ्या रात्री, दीड वाजता, मी सहाण मांडून जायफळ उगाळायला घेतलं. आमची आई सगळ्यांना द्यायची. सूनबाईने हातातून जायफळ काढून घेतलं आणि म्हणाली, "अण्णा, त्याचा श्वास आधीच अडकतोय, त्यात गुंगी?" मी गप्प बसलो. घशाला सूज असताना गाढ गुंगी म्हणजे काय, हे मला तिने सांगितल्यावर उमगलं. त्याच आठवड्यात एका मेडिकलवाल्याने मुलाच्या हातात सर्दीचं औषध ठेवलं, "झोपही लागेल" म्हणून. मी भिंग लावून बाटली वाचली. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, ही सूचना बाटलीवर छापायचा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढलाय. सूचना बाटलीवर होती, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. बाटली परत गेली.

कामाला आलं ते वेगळंच. मला अंगाई येत नाही. मला कराड–स्वारगेट येतं. पोराला खांद्यावर घेऊन, गॅलरीत फेऱ्या मारत, पाठीवर एका तालात थोपटत मी थांबे म्हणायचो. उंब्रज, अतीत, नागठाणे, सातारा, पाचवड, भुईंज, सुरूर, खंडाळा, शिरवळ. पहिल्या रात्री स्वारगेट गाठून परतीची फेरीही झाली. सातव्या रात्री गडी शिरवळला उतरला. बाराव्या रात्री पाचवड. वहीतल्या पहिल्या रात्री नऊ वेळा उठल्याची नोंद आहे, बाराव्या रात्री तीन वेळा.

ड्यूट्याही लावल्या. दहा ते दोन मी, दोन ते सहा मुलगा, आणि सूनबाई दुसऱ्या खोलीत दार लावून. आधी तिला ते पटेना, आई असून झोपू कशी म्हणाली. घरातली आमची मंडळीही नाराज, बाप्यांना काय जमतंय म्हणून. जमलं. एसटीत दोन ड्यूट्या एकाच माणसाला लावल्या तर गाडी कुठे जाते ते आम्ही पाहिलंय.

माझं मागणं थोडं आहे. डिस्चार्जच्या कागदावर रात्रीचं मराठीत छापा. औषध झोपेतून उठवून द्यायचं का, कोणतं रडणं किती दिवस चालणार, घोरणं कुठवर चालेल आणि कधी धावायचं, झोपेसाठी काय चाटवायचं नाही. आणि रात्री दोनला उचलला जाईल असा एक फोन नंबर. याला वेगळा निधी लागत नाही, अर्धं पान लागतं. वहीच्या पानांची झेरॉक्स मी तपासणीच्या वेळी वॉर्डातल्या सिस्टरकडे ठेवून आलोय. तिने फाइलला लावली. पुढे काय झालं ते विचारायला पुढच्या महिन्यात जाणार आहे.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. छाटायचं असेल तर एसटीचं छाटा, जायफळाचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक निवृत्त वाहक, कराड